गोल पृथ्वी, सपाट कागद आणि आपली जमीन

(वन हक्क समित्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. ज्या पाड्यांवरून माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावं. वाचताना एक भोपळा आणि एक मडकं जवळ ठेवावं.)

काल दिवसभर आपण दाव्यांच्या फायली उलगडून बघितल्या. प्रत्येक फायलीत एक नकाशा लावलेला आहे. आणि पाडा कुठलाही असो, तक्रार दोनच प्रकारची आली. एक, "आम्ही कसतो एवढी, नकाशात तेवढी नाही." दुसरी, "शेत ओहोळाच्या अलीकडे आहे, नकाशात पलीकडे दाखवलंय." यावर कचेरीतून उत्तर काय मिळतं, तर "नकाशा मशीनवर काढलाय, तो चुकत नाही. तुम्हीच चुकताय." इथे आपला माणूस गप्प होतो. कागदापुढे, मशीनपुढे काय बोलणार?

म्हणून आज मला नकाशावर बोलायला सांगितलं आहे. मी बारावीपर्यंत शिकले, त्यात भूगोल होता. नंतर समितीच्या कामात जे लागलं ते विचारून, वाचून घेतलं. मी जरा लांबून सुरुवात करणार आहे, अख्ख्या पृथ्वीपासून. शेवटी आपल्या बांधावर येते. तोवर दम धरा.

भोपळा आणि मडकं

हा लाल भोपळा बघा. काही पाड्यांवर याला डांगर म्हणतात. याच्या देठापासून खालच्या बुडापर्यंत खाचा गेलेल्या आहेत. पोटाशी दोन खाचांमधलं अंतर चार बोटं आहे. वर देठाकडे जाल तसं ते तीन बोटं, दोन बोटं, एक बोट होतं, आणि देठाशी सगळ्या खाचा एकत्र मिळतात. खालीही तसंच.

पृथ्वीवर माणसाने मापासाठी अशाच रेघा कल्पिल्या आहेत. त्यांना रेखांश म्हणतात. पोटाशी, म्हणजे विषुववृत्तावर, एक अंशाच्या दोन रेघांमधलं अंतर सुमारे १११ किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या मधून २० अंशाची आडवी रेघ जाते, तिथे ते १०५ च्या आसपास येतं. आणखी उत्तरेला ६० अंशावर गेलं की निम्मंच उरतं, ५६ किलोमीटर. ध्रुवावर शून्य, देठासारखं.

आता हा वर्तमानपत्राचा कागद घ्या. धान्याच्या कणगीभोवती गुंडाळला तर नीट बसतो. कणगी एका बाजूने वळलेली आहे, दुसऱ्या बाजूने सरळ, म्हणून सुरकुती पडत नाही. तोच कागद या मडक्याच्या पोटावर बसवून दाखवा. कोण येतंय? (दोन मुलं आली. कागद चुरगळला, मग फाटला.) बघितलंत? मडकं दोन्ही बाजूंनी वळलेलं आहे. त्यावर सपाट कागद बसत नाही. आणि उलटही तसंच. मडक्याचं पोट फोडून खापरी जमिनीवर टाकली तर ती सपाट बसणार नाही. भोपळ्याची साल एकसंध काढून दाबली तर ती फाटते, नाहीतर ताणून सपाट करावी लागते.

जर्मनीत गाऊस नावाचा गणिती होऊन गेला. त्याने १८२७ साली हे गणिताने सिद्ध केलं. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही. कितीही हुशार माणूस बसवा, कितीही भारी मशीन आणा. त्यामुळे जगाचा कुठलाही सपाट नकाशा घ्या, त्यात काहीतरी बिघडलेलं असतंच. आकार तरी बिघडतो, नाहीतर क्षेत्रफळ, नाहीतर अंतर, नाहीतर दिशा. सगळं एकदम बरोबर ठेवता येत नाही. नकाशा काढणाऱ्याला ठरवावं लागतं, काय राखायचं आणि काय सोडायचं.

कुणाच्या कामाचा नकाशा?

युरोपात मर्केटर नावाचा नकाशा काढणारा होता. त्याने १५६९ साली जगाचा एक मोठा नकाशा केला. तो जहाजवाल्यांसाठी होता. समुद्रात रस्ता नसतो, होकायंत्राची सुई बघून जायचं असतं. त्याला असा नकाशा हवा होता की दोन बंदरांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून त्या रेघेने जाता यावं. त्यासाठी त्याने भोपळ्याच्या सगळ्या खाचा देठाशी मिळू न देता उभ्या सरळ केल्या, भाताच्या रोपांच्या ओळींसारख्या.

पण देठाकडे जागा मुळात कमी होती ना? ती ताणावी लागली. रुंदी ताणली म्हणून आकार राखायला उंचीही तेवढीच ताणली. ६० अंशावर रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, म्हणजे क्षेत्र चौपट दिसतं. उत्तरेला आणखी वर गेलात की आणखी फुगतं.

त्याचा परिणाम काय झाला ते आकड्यात बघा. ग्रीनलंड नावाचं बर्फाचं बेट आहे. या नकाशात ते जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरं म्हणजे आफ्रिका खंड त्याच्या १४ पट आहे. आपला भारत ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१ लाख ६६ हजार. म्हणजे भारत दीडपट मोठा. नकाशात मात्र भारत त्याच्यापुढे लहान पोर वाटतो. शाळेच्या भिंतींवर, पुस्तकांत हा नकाशा किती वर्षं लागला! मोबाईलवर जगाचा नकाशा उघडला तर बऱ्याचदा आजही हीच पद्धत असते.

१९७३ साली जर्मनीत आर्नो पीटर्स नावाच्या माणसाने यावर आवाज उठवला. तो म्हणाला, या नकाशात युरोप मोठा दिसतो आणि आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आशियातले गरीब देश लहान दिसतात, हा अन्याय आहे. त्याने क्षेत्रफळ बरोबर ठेवणारा नकाशा पुढे आणला. तशीच मांडणी स्कॉटलंडच्या गॉल नावाच्या माणसाने १८५५ मध्येच केली होती. आता पीटर्सचा नकाशा सगळ्या बाबतीत खरा झाला का? नाही. क्षेत्र बरोबर आलं, पण आकार बिघडले. आफ्रिका उभी ओढल्यासारखी लांबट दिसते. भोपळ्याची साल त्यालाही सोडत नाही.

मर्केटरने लबाडी केली असं मी म्हणत नाही. जहाजवाल्यांसाठी त्याचं काम चोख होतं. दर्यावर त्याच नकाशाने माणसं सुखरूप पोहोचली. पण जहाजासाठी केलेला नकाशा देश किती मोठा हे सांगायला वापरला, तिथे घोटाळा झाला. म्हणून नकाशा समोर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा कोणत्या कामासाठी काढला होता, आणि आता कोणत्या कामाला लावताय?

पृथ्वी नक्की केवढी?

आता थोडं जवळ येऊ. पृथ्वी चेंडूसारखी अगदी गोलही नाही. पोटाशी थोडी फुगलेली, दोन्ही ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे. आडवा व्यास १२,७५६ किलोमीटर, उभा १२,७१४. फरक थोडा आहे, पण जमीन मोजायची तर तो धरावाच लागतो.

आपल्या देशात ही मोजणी इंग्रजांनी केली. लॅम्बटन नावाच्या साहेबाने १८०२ साली मद्रासपासून त्रिकोण मांडत मोजणी सुरू केली. एका टेकडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्धा टन वजनाचं होतं. ते डोंगरावर चढवायला माणसं लागायची, वाटेतलं रान तोडायला लागायची, शिखरावर निशाण धरून उभी राहायला लागायची. जंगलातल्या तापाने त्यातली किती मेली! लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. निशाण धरणाऱ्यांच्या कबरी कुणाला माहीत नाहीत.

त्याच्यानंतर एव्हरेस्ट साहेब आला, ज्याचं नाव त्या उंच शिखराला दिलं तोच. त्याने १८३० साली हिशोब करून पृथ्वीचं एक माप ठरवलं. आपल्या देशाचे जुने सरकारी नकाशे, ज्यांना सर्वे ऑफ इंडियाचे टोपोशीट म्हणतात, ते एव्हरेस्टच्या या मापावर बेतलेले आहेत.

आणि जीपीएस? ते यंत्र उपग्रहावरून चालतं. त्याच्यात पृथ्वीचं दुसरं माप आहे, १९८४ साली ठरवलेलं, सगळ्या जगासाठी एक. एव्हरेस्टच्या मापात पोटाशी पृथ्वीची त्रिज्या या मापापेक्षा ८६१ मीटरने कमी आहे. दोघांचा मध्यही एका जागी नाही.

मग काय होतं? तुमच्या बांधावरचा मोह तिथेच उभा आहे. पण जीपीएसने त्याचे जे अक्षांश-रेखांश येतात आणि जुन्या टोपोशीटवर त्याच जागेचे जे आहेत, ते एक नाहीत. हिशोबाने बदल न करता जीपीएसचे आकडे जुन्या तक्त्यावर ठिपक्याने मांडले, तर आपल्या भागात शेत सुमारे शंभर मीटर सरकू शकतं. शेताचं क्षेत्र कमी होत नाही, पण जागा सरकते. तक्त्यावर हे अंतर दोनच मिलिमीटर, नागलीच्या दाण्याएवढं. पण जमिनीवर शंभर मीटर म्हणजे ओहोळाच्या अलीकडचं पलीकडे. एका कंपार्टमेंटमधलं दुसऱ्या कंपार्टमेंटमध्ये. एका भावाचं शेत दुसऱ्याच्या शेतावर. मग दाव्यावर शेरा पडतो, "सदर जागेवर कब्जा आढळत नाही."

२००५ साली नवं नकाशा धोरण आलं. त्यानंतरचे खुले टोपोशीट जीपीएसच्याच मापावर निघतात. पण जुने तक्ते आणि त्यांच्यावरून उतरवलेले नकाशे अजून वापरात असतात. म्हणून विचारायचं, तक्ता जुना की नवा? आणि आकडे बदलून मांडले का?

आपल्या बांधावर

आता कुणी म्हणेल, पृथ्वी गोल आहे म्हणून माझी दोन एकरांची दीड एकर झाली. मित्रांनो, असं म्हणू नका. कचेरीत हसं होईल. पाड्याएवढ्या जागेत पृथ्वीचा गोलपणा जाणवत नाही. त्या भागापुरता नीट बेतलेला मोजणीचा नकाशा असेल तर गोलपणामुळे हजारात एक-दोन भागांचा फरक पडतो. एका एकरात चार-पाच बाजा मावतील एवढाच. याच्यापेक्षा जास्त गेलं असेल तर त्याची कारणं वेगळी आहेत. ती नीट समजून घ्या.

पहिलं कारण, उतार. आपली वरकस जमीन डोंगराच्या अंगाला आहे. नकाशा वरून बघितल्यासारखा असतो. उतारावरून दोर टाकून शंभर मीटर भरले आणि तेवढ्यात तुम्ही पन्नास मीटर वर चढलात, तर नकाशात ते ८७ मीटरच येतात. शंभर मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद असा नागलीचा तुकडा दोराने मोजला तर जवळजवळ एक एकर, साडेएकोणचाळीस गुंठे भरतो. नकाशात तो चौतीस गुंठे येतो. पाच गुंठे गेले. पण ते कुणी चोरले नाहीत. सातबारावरची डोंगरी जमीनही अशीच सपाट धरून मोजतात. त्यामुळे भांडायला जाण्याआधी आपली मोजणीही आडवी करून घ्या. दोराची खालची बाजू उचलून दोर सपाट धरायचा, टोकाला दगड बांधून ओळंबा सोडायचा, तिथे खूण करायची, की पुढचा टप्पा. पायरी-पायरीने. मग दोन आकडे शेजारी ठेवता येतील.

दुसरं कारण, जीपीएसची चूक. हातातलं साधं यंत्र उघड्यावरही काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. दाट झाडीत, दरीत, आणखी जास्त. मोठ्या शेताला ते चालून जातं, लहान तुकड्याला नाही. हिशोब करा. चाळीस मीटर बाय चाळीस मीटर म्हणजे साधारण सोळा गुंठे. प्रत्येक बाजू पाच मीटरने कमी भरली तर पस्तीस बाय पस्तीस, म्हणजे बारा गुंठे. पाव हिस्सा गेला. ज्याच्याकडे सर्वात कमी जमीन, त्याचं सर्वात जास्त टक्के जाऊ शकतं. हे यंत्र गरीब-श्रीमंत बघत नाही, पण मार गरिबालाच बसतो.

तिसरं, कोपरे. आपलं शेत चौकोनी नसतं. ओहोळाने वळतं, खडकाने वळतं. मोजणीवाल्याने चारच बिंदू घेतले तर वळणातली जमीन बाहेर राहते. सावलीत बसून मोजणी होत नाही, बांधाबांधाने फिरावंच लागतं.

चौथं, रेघेची जाडी. टोपोशीटचं माप ५० हजाराला एक असतं. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटरची रेघ म्हणजे २५ मीटर रुंद पट्टा! जंगलाची हद्द त्या रेघेने दाखवली असेल, तर हद्द रेघेच्या अलीकडच्या कडेला की पलीकडच्या, हे तो कागद सांगू शकत नाही. जुन्या गावनकाशाचं माप मोठं असतं. बऱ्याच ठिकाणी एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट. तिथे तीच रेघ चार मीटरची होते. म्हणून दहा गुंठ्यांचा वाद टोपोशीटवर मिटत नाही. त्याला जमिनीवर यावं लागतं.

आणि पाचवं, नकाशात काय लिहिलंच नाही. गोल पृथ्वी सपाट करताना काहीतरी सोडावं लागतं, तसं गावाचा नकाशा करतानाही काय दाखवायचं हे कुणीतरी ठरवतं. कूप नंबर, कंपार्टमेंट, फॉरेस्टचा रस्ता दिसतो. वाघदेवाचा दगड, गावदेवीचं ठाणं, मसणवाट, उन्हाळ्यात पाणी धरणारा झरा, डिंकाची आणि मोहाची झाडं, गुरांची वाट दिसत नाही. हे विज्ञानाने सोडायला लावलेलं नाही. हे आपण भरू शकतो, आणि भरलंच पाहिजे.

कायदा काय म्हणतो

२००६ च्या वन हक्क कायद्यात जमिनीची मोजणी आणि नकाशा आहेच. पण नकाशा एकटाच साक्षीदार नाही. नियमांत पुराव्यांची मोठी यादी आहे. सरकारी कागद, दंडाच्या पावत्या, जुने बांध, घर, विहीर, स्मशान, देवस्थान, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे असतात. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र वगैरे तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं. तोच एकमेव पुरावा धरून बाकीचे बाजूला सारायचे नाहीत. दाव्याचा नकाशा ओळखता येतील अशा खुणांसकट तयार करणं हे वन हक्क समितीचं काम आहे. म्हणजे तुमचं, इथे बसलेल्यांचं.

म्हणून परत गेल्यावर प्रत्येक पाड्याने हे करावं:

१. मोजणीच्या दिवशी दावेदार, शेजारी आणि समितीचे निदान दोन सदस्य बांधावर फिरले पाहिजेत. प्रत्येक वळणावर बिंदू घ्यायला लावा. झाडीत यंत्र जरा थांबवून ठेवायला सांगा.

२. प्रत्येक बिंदूचा आकडा आपल्या वहीत उतरवून घ्या. शेजारी खूण लिहा: "बिंदू ४, ऐनाच्या झाडाजवळचा खडक."

३. दोराची आडवी मोजणी करून ठेवा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर त्याच दिवशी पंचनाम्यात लिहायला लावा. लिहीत नसतील तर सहीजवळ आपली हरकत लिहा.

४. नकाशा हातात आला की चार गोष्टी लेखी विचारा: कोणत्या तक्त्यावर मांडला, त्याचं माप काय, तक्ता जुन्या मापाचा की जीपीएसच्या मापाचा, आणि आकडे बदलून घेतले का.

५. सामूहिक वनाची हद्द म्हाताऱ्यांना घेऊन चालत ठरवा. शेजारच्या गावची माणसं बरोबर असू द्या आणि त्यांच्या सह्या घ्या. आपल्या भाषेतली नावं लिहा. डोंगराला आपण जे म्हणतो तेच.

६. उपविभागीय समितीने दावा कापला तर निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अर्ज जायला पाहिजे. साठावा दिवस बाजाराचा आहे की लग्नाचा, हे कायदा बघत नाही.

शेवटी एवढंच. नकाशाला घाबरू नका, आणि नकाशा फाडूही नका. तो कामाचा आहे. आपल्यालाही उद्या पाणलोटासाठी, जंगल राखण्यासाठी तो लागणार आहे. पण "मशीन चुकत नाही" असं कुणी म्हणालं, तर या मडक्याची आठवण करून द्या. अख्खी पृथ्वी कागदावर आणताना जगातल्या सगळ्या शहाण्यांना काहीतरी सोडावं लागलं. मग तुमच्या कागदात काय सुटलं, साहेब, ते आमच्याबरोबर बांधावर येऊन बघा. एवढं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. ते आदराने म्हणा, पण म्हणा.

आता जेवायच्या आधी पाड्यानुसार गट करा. ज्यांच्या फायलीत नकाशा आहे त्यांनी तो घेऊन माझ्याकडे या. पहिला प्रश्न आपण इथेच लिहून काढू.

जोहार!